वही कुठं अडली?

इंदूरच्या मराठी घरात एकाच कामाला तीन नावं आहेत. आजी त्याला गृहपाठ म्हणते, शाळेच्या डायरीत होमवर्क छापलेलं असतं आणि भोपाळहून निघणाऱ्या सरकारी परिपत्रकात त्याचं गृहकार्य होतं. ते ज्यात लिहायचं तिलाही दोन नावं. घरात वही, शाळेत कॉपी. सुट्टीत पुण्याला गेलेलं इथलं पोर ‘मॅडमनी काल माझी कॉपी चेक केली’ असं सहज सांगून जातं आणि तिकडच्या मामाला वाटतं, भाच्यानं परीक्षेत काहीतरी भानगड केली.

नावं कितीही असली तरी रात्री साडेआठचा देखावा बऱ्याच घरांत सारखाच असतो. कुकरच्या शिट्ट्या, टीव्हीचा बारीक केलेला आवाज, टेबलावर उघडी वही आणि तिच्यात साडेतीन ओळी. आई व्हॉट्सॲपवरच्या आयांच्या ग्रुपला विचारते, ‘ईव्हीएसचं काय दिलंय? याच्या डायरीत काहीच नाही.’ बाबा म्हणतात, ‘हुशार आहे, पण मन लावत नाही.’ आजोबा म्हणतात, ‘आमच्या वेळी असं नव्हतं.’ दुसऱ्या दिवशी वहीत लाल शाईचा एक शब्द येतो: इनकम्प्लीट.

असं एखाद्या दिवशी सगळ्यांचंच होतं. महिनोन्‌महिने रोज होत असेल, तर मात्र ‘आळस’ या शब्दानं काहीच कळत नाही. गृहपाठ हे दिसायला एक काम आहे, प्रत्यक्षात ती साखळी आहे. वर्गात सांगितलेलं ऐकायचं, डायरीत उतरवायचं, नेमकं पुस्तक दप्तरात भरायचं, घरी आल्यावर सुरुवात करायची, प्रश्न वाचायचा, तो समजायचा, उत्तर डोक्यात जुळवायचं, हातानं लिहायचं, मध्येच न उठता टिकून राहायचं, वही परत दप्तरात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी ती बाईंच्या टेबलावर द्यायची. अकरा कड्या झाल्या. यातली एकही कच्ची असली तरी शेवटी शेरा एकच मिळतो.

‘का करत नाहीस?’ असं विचारलं की मूल गप्प बसतं, कारण त्यालाही ते ठाऊक नसतं. त्याच्या वहीवर मात्र सगळं उमटलेलं असतं. काम कुठं थांबलं, ते नीट पाहिलं तर का थांबलं याचा माग लागतो.

आधी ओझं मोजा

मुलाकडं बोट दाखवण्याआधी काम किती दिलंय ते पाहायला हवं. लेखक आर. के. नारायण राज्यसभेवर होते, तेव्हा १९८९ मध्ये त्यांनी आपलं भाषण दप्तराच्या ओझ्याखाली वाकलेल्या मुलांवर केलं. पुढं प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९९३ मध्ये तिचा ‘ओझ्याविना शिक्षण’ हा अहवाल आला. त्या अहवालातली सगळ्यात मोलाची गोष्ट दप्तराच्या वजनाची नाहीच. न समजलेल्या अभ्यासाचं ओझं दप्तरापेक्षा जड असतं, असं समितीनं बजावलं होतं.

केंद्र सरकारच्या २०२० च्या स्कूल बॅग धोरणात गृहपाठाचं मोजमाप दिलेलं आहे. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. सहावी ते आठवी रोज एक तास. नववीपासून रोज दोन तास. मध्य प्रदेशच्या शालेय शिक्षण विभागानंही २०२२ मध्ये याच मर्यादा लागू करण्याचं परिपत्रक काढलं. आता हिशेब करा. आठवड्याला दोन तास म्हणजे सहा दिवसांत रोज वीस मिनिटं. चौथीतलं मूल संध्याकाळी सात ते दहा टेबलाशी बसत असेल, तर धोरणानं आठवड्याला दिलेला वेळ एका रात्रीत संपून वर एक तास झाला.

गृहपाठाचा फायदाही वयाप्रमाणं बदलतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे हॅरिस कूपर यांनी अनेक वर्षांचे अभ्यास एकत्र तपासले आणि त्यांचे निष्कर्ष १९८९ मध्ये व पुन्हा २००६ मध्ये मांडले. माध्यमिक वर्गांत गृहपाठ आणि गुण यांचा संबंध दिसतो. प्राथमिक वर्गांत तो फारच क्षीण आहे. त्यामुळं लहानग्याचा एक प्रकल्प पुरा करण्यासाठी आई-बाबा रात्री खजुरी बाजारातून थर्माकोल आणि चमकी आणत असतील, तर त्या कामातून नक्की कोण शिकतंय हे विचारायला हरकत नाही.

शेजारच्या मुलाला किती वेळ लागतो, एवढा एक प्रश्न त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. सगळ्यांचीच रात्र होत असेल तर बोलणं शाळेशी करायचं. वर्गाला अर्धा तास आणि तुमच्या मुलाला अडीच तास लागत असतील, तर वही उघडायची.

डायरीचं पान कोरं

काही मुलांचा गृहपाठ घरापर्यंत पोचतच नाही. डायरीत तारीख आहे, पुढं काही नाही, किंवा अर्धवट ओळ आहे: ‘पेज ४२ क्वे’.

अशा वेळी पहिली शंका डोळ्यांची. लांबचं अंधुक दिसणारं मूल तक्रार करत नाही, कारण बाकीच्यांना किती स्वच्छ दिसतं हे त्याला माहीतच नसतं. भिंतीवरच्या कालनिर्णयातली बारीक अक्षरं तुम्हाला जिथून वाचता येतात तिथंच त्याला उभं करा, एकेक डोळा झाकून वाचायला सांगा, आणि शंका आली तर नेत्रतज्ज्ञ गाठा. कानाचंही तेच. वारंवार सर्दी होऊन कानात पाणी साठणाऱ्या मुलाला बाईंचं शेवटचं वाक्य नीट ऐकू जात नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांची अशी तपासणी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते. खासगी शाळेतल्या मुलासाठी हे पालकांनाच करावं लागतं.

डोळे-कान ठीक असतील तर दुसरी शक्यता लक्षात धरून ठेवण्याच्या ताकदीची. ॲलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये कार्यकारी स्मृतीची कल्पना मांडली. काम चालू असताना लागणारी माहिती क्षणभर धरून ठेवणारी ही ओंजळ. सराईत वाचणारं मूल बोर्डाकडं एकदा पाहून चार शब्द ओंजळीत घेतं आणि वहीत ओततं. ज्याची ओंजळ लहान ते एकेक अक्षर आणतं. मान वर, मान खाली, ओळ चुकते, जागा सापडत नाही, आणि तेवढ्यात घंटा होऊन बोर्ड पुसला जातो. घरीही हेच दिसतं. ‘सायन्सची वही काढ, पान बेचाळीस उघड, तिसरा प्रश्न लिही’ असं सांगितलं की ते वही काढतं आणि तिथंच उभं राहतं. मोठ्यांना हा उद्धटपणा वाटतो. खरं तर दुसरी सूचना त्याच्या ओंजळीतून केव्हाच गळून गेलेली असते.

पाच ओळींनंतर हात थांबतो

दुसऱ्या प्रकारच्या वहीत पहिल्या दोन ओळी सुबक, पुढच्या तीन मोठ्या आणि तिरक्या, आणि नंतर पान रिकामं. तोंडी विचारा, तर हेच मूल पाण्याचं चक्र ढगापासून नदीपर्यंत घडाघडा सांगतं. तोंड आणि हात यांच्यात एवढं अंतर असेल, तर अडचण लिहिण्याची आहे.

देवनागरी लिहिणं आपल्याला सोपं वाटतं, कारण ते कसं शिकलो हे आपण विसरलोय. ‘क्षितिज’ म्हणताना इकार नंतर येतो, लिहिताना आधी. ‘सूर्य’ मधला र बोलायचा य च्या आधी आणि काढायचा य च्या डोक्यावर. उकार खाली, अनुस्वार वर, शेवटी सगळ्यांना बांधणारी शिरोरेषा. बहुतेक मुलांच्या हातात हे दोन-तीन वर्षांत बसतं. काहींच्या हातात बसतच नाही. प्रत्येक अक्षर त्यांना नव्यानं ‘काढावं’ लागतं, बोटं दुखतात, आणि अक्षराकडं लक्ष गेलं की उत्तर निसटतं. या अडचणीला डिसग्राफिया, म्हणजे लेखन-अक्षमता म्हणतात. शिक्षा म्हणून तेच पान दहा वेळा लिहायला लावणं म्हणजे पाय मुरगळलेल्याला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावण्यासारखं आहे.

घरी एक प्रयोग करता येतो. त्याचं तोंडी उत्तर मोबाईलवर रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी तेच लिहायला सांगा, आणि दोन्ही शेजारी ठेवून शिक्षकांना दाखवा.

पान भरलंय, पण...

इथं तासभर बसून काम झालेलं असतं, पण निम्मं चुकलेलं. प्रश्न एक, उत्तर भलत्याचंच. असं मूल बहुधा प्रश्न वाचतच नाही, त्यातला एखादा ओळखीचा शब्द पकडून अंदाज बांधतं.

७ नोव्हेंबर १८९६ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत लिहिली. मुलगा चलाख, खेळात कोणापेक्षा कमी नाही, घरी शिकवणी लावलेली, तरी साधे शब्द वाचता येत नव्हते. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या मास्तरांचं मत होतं. आज आपण याला डिसलेक्सिया म्हणतो. २००७ च्या ‘तारे जमीन पर’नं हा शब्द घरोघरी नेला. वाचन, लेखन आणि गणित यांतल्या अशा विशिष्ट अक्षमता शाळकरी वयात शंभरातल्या पाच ते पंधरा मुलांत आढळतात, असं मनोविकारतज्ज्ञांच्या प्रमाण पुस्तिकेत दिलं आहे. बुद्धीशी त्यांचा संबंध नाही. डिसलेक्सियात कानावर पडलेल्या शब्दाचे ध्वनी सुटे करून अक्षरांशी जोडण्याचं काम मेंदूत संथ होतं.

इंदूरच्या मराठी मुलाच्या बाबतीत इथं गाठ पडते ती भाषांची. १८१८ मध्ये होळकरांची राजधानी इंदूरला आली. तेव्हापासून मराठी इथं घरात नांदते आहे आणि दाराबाहेर माळवी-हिंदी. आता शाळेत इंग्रजी आहे. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं बरंचसं सरळ, त्यामुळं डिसलेक्सिया असलेलं मूल मराठी-हिंदी फारसं चुकत नाही, फक्त गोगलगायीच्या गतीनं वाचतं. ते आपटतं इंग्रजीत. ‘टी-ओ’ टू आणि ‘डी-ओ’ डू, तर ‘जी-ओ’ गू का नाही, हा ‘चुपके चुपके’ सिनेमातला प्रश्न आपण विनोद म्हणून ऐकला. या मुलांसाठी तो रोजचा गृहपाठ आहे.

मग इंग्रजीच कच्चं आहे की खरोखर वाचन-अक्षमता आहे, हे ओळखायचं कसं? खूण साधी आहे. अक्षमता मुलाच्या मागोमाग प्रत्येक भाषेत येते. आजीनं मराठीत सांगितलेली गोष्ट त्याला नीट समजते का ते पाहा. तीच गोष्ट देवनागरीत वाचायला द्या आणि वेग पाहा. मग इंग्रजीतली तेवढीच सोपी गोष्ट द्या. ऐकून कळतं, देवनागरी सहज वाचतो, फक्त इंग्रजीत अडतो, तर गरज इंग्रजी शिकवण्याची आहे. ऐकून सगळं कळतं, पण वाचताना दोन्हीकडं अडखळतो, तर तपासणीची. आणि कोणी ‘घरी मराठी बोलणं बंद करा’ असा सल्ला दिला तर तो ऐकू नका. दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं डिसलेक्सिया होत नाही. उलट आजीशी बोलायची भाषा तेवढी जाते.

पंचवीस की बावन्न

गणिताच्या वहीत २५ च्या जागी ५२ दिसलं की आपण म्हणतो, लक्ष नाही. पण ऐका: पंच-वीस. मराठीत आणि हिंदीत पाच आधी ऐकू येतो, लिहायचा नंतर. इंग्रजीत ट्वेंटी-फाइव्ह, जसं ऐकायचं तसं लिहायचं. एकोणतीस तर आणखी मजेचा. ऐकू येते तीस, असते तिशीहून एक कमी. हिंदीत तोच उनतीस. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशी संख्यावाचनाची जोड पद्धत आली आणि महाराष्ट्रात गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तेव्हा मुलांची हीच अडचण लोकांपुढं मांडली होती. महाराष्ट्रातल्या मुलाला एकाच भाषेत एवढा त्रास, तर इथल्या मुलाला बाबा ‘हातचा एक’ म्हणतात, ट्यूशनचे सर ‘हासिल एक’ आणि मॅडम ‘कॅरी वन’. तिघं एकच सांगताहेत, हे त्याला सांगायचं राहून जातं.

म्हणून गणितात उत्तराकडं कमी पाहा, पायरीकडं जास्त. सगळी गणितं हातच्याच्या पायरीवरच अडत असतील, तर ती एक पायरी पुन्हा शिकवायची आहे. पाचवीच्या वहीत अडलेलं मूल पुष्कळदा तिसरीच्या धड्यात अडकलेलं असतं. सात मोठा की नऊ हे सांगायलाही बोटं लागत असतील आणि वर्षभराच्या सरावानं फरक पडत नसेल, तर डिस्कॅल्क्युलियाची, गणिती अक्षमतेची शंका घ्यावी.

सगळं सुरू, पुरं काहीच नाही

हिंदीचे दोन प्रश्न, गणिताचं अर्धं उदाहरण, सायन्सची आकृती नावांशिवाय. मध्ये तीनदा पाणी, दोनदा शी-शू, एकदा पेन्सिलला टोक. वहीची मागची पानं मात्र चित्रांनी भरलेली. इंदूरच्या विष्णू चिंचाळकर गुरुजींना टाकाऊ वस्तूंतही चित्र दिसायचं. असं मागचं पान त्यांच्या हाती पडलं असतं, तर त्यांनी ते कौतुकानं पाहिलं असतं. शाळेच्या डायरीत मात्र त्याबद्दल तक्रार येते.

इथं अवधान-अस्थिरतेचा, म्हणजे एडीएचडीचा विचार करावा लागतो. जगभरात शंभरातल्या सुमारे पाच मुलांत ती आढळते. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांबद्दल १९०२ मध्येच व्याख्यानं दिली होती, तेव्हा मोबाईल नव्हता. पालकांची शंका मात्र मोबाईलवरूनच येते: ‘गेम खेळताना दोन तास हलत नाही, मग लक्ष नाही कसं?’ लक्ष त्याच्याकडं असतं, लगाम त्याच्या हाती नसतो. गेममध्ये दर काही सेकंदांनी बक्षीस मिळतं. गृहपाठाचं बक्षीस उद्या, तेही मिळालं तर. मेंदूतली डोपामिनची व्यवस्था वेगळी चालत असल्यामुळं या मुलांना लांबच्या बक्षिसासाठी तग धरणं जड जातं. त्यांच्या घड्याळात दोनच वेळा असतात, ‘आत्ता’ आणि ‘आत्ता नाही’.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूची वाढ चित्रांतून मोजली. मेंदूच्या बाह्य थराची जाडी इतर मुलांत सरासरी साडेसातव्या वर्षी कळसाला पोचत होती, एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहाव्या. क्रम तोच, उशीर सुमारे तीन वर्षांचा. दहा वर्षांच्या मुलाकडून स्वतःहून बसण्याची अपेक्षा करताना हा आकडा आठवावा.

मात्र प्रत्येक चंचल मूल म्हणजे एडीएचडी नाही. लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा महिन्यांहून जास्त टिकलेली आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसलेली असावी लागतात. मुली इथं हमखास सुटतात. त्या धावत नाहीत, खिडकीबाहेर पाहत शांत बसतात, आणि ‘गुणी आहे, जरा मंद आहे’ एवढ्यावर त्यांचा निकाल लागतो.

खोडरबरानं फाटलेलं पान

एक ओळ चार वेळा खोडून कागदाला भोक पडलंय. हे मूल बेफिकीर नाही, घाबरलेलं आहे. चुकलं तर काय होईल, या भीतीनं त्याला सुरुवातच करवत नाही. टाळाटाळ ही वेळेच्या नियोजनाची गडबड समजली जाते, पण टिमोथी पिचिल आणि फ्यूशिया सिरोई या अभ्यासकांनी दाखवलं की माणूस काम टाळतो ते त्या कामानं मनात उठणाऱ्या नकोशा भावनेपासून पळण्यासाठी. वही मिटली की पोटातला गोळा विरतो, तेवढ्यापुरता.

अशा घरात धाक वाढवला की पळही वाढते. छडी तर बेकायदाच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. वर्गासमोर वही फडकवून दाखवणं हे त्या दुसऱ्या शब्दाच्या फार जवळ जातं.

या उलट काही मुलांची वही पूर्ण असते, पण दप्तरातच राहते. शेवटची कडी, देण्याची, निसटते. त्यांना उपदेश नको, दाराशी चिकटवलेली चार ओळींची यादी हवी.

गेल्या वर्षीपर्यंत ठीक होतं

जुन्या वह्या काढा. सप्टेंबरपर्यंत काम पुरं आणि ऑक्टोबरपासून एकदम घसरण, असं दिसलं तर जन्मजात कारणं बाजूला ठेवा. अशा अक्षमता एका महिन्यात उगवत नाहीत. काहीतरी घडलंय. बसमध्ये कोणी छळतंय, घरात भांडणं आहेत, आजोबा गेले, जागा बदलली. किंवा शरीर सांगतंय: रक्त कमी आहे, थायरॉइड बिघडलंय. कधी मूल बोलता-लिहिता काही सेकंद शून्यात पाहतं आणि पुन्हा पहिल्यासारखं होतं. तो फिटचा एक प्रकार असू शकतो, त्यासाठी डॉक्टरच हवेत.

आणि झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप लागते. सराफ्यावरून रात्री अकराला गराडू खाऊन परतलेलं मूल सकाळी पावणेसातला बायपासवरच्या शाळेची बस पकडतं. अशा मुलाचं लक्ष तपासण्याआधी झोप तपासावी.

काय करायचं

एकच जागा, एकच वेळ. शाळेतून आल्यावर खाणं, खेळणं आणि मग बसणं, जेवणानंतरच्या पेंगेत नाही. आपण शेजारी आपलं काम घेऊन बसायचं, भाजी निवडा, हिशेब लिहा. शिकवायची गरज नाही, नुसती सोबत असली तरी अशी मुलं टिकतात. काम तुकड्यांत द्यायचं: पाच गणितं झाकून एकच उघडं ठेवायचं, दहा मिनिटं काम, तीन मिनिटं मोकळीक. ‘अभ्यासाला बस’ यापेक्षा ‘दूध संपलं की इंग्रजीची वही उघडायची’ असं नेमकं ठरलेलं वाक्य जास्त उपयोगी पडतं. वाचन जड जात असेल तर प्रश्न आपण वाचून दाखवायचा, उत्तर त्यानं द्यायचं. आईच्या अक्षरात पूर्ण झालेल्या वहीनं मात्र शिक्षकांचीही दिशाभूल होते आणि मुलाला कळतं ते एवढंच की हे काम आपल्याच्यानं होणारं नाही.

दीड-दोन महिने हे करून फरक पडला नाही तर तपासणी. इंदूरमध्ये त्यासाठी खासगी तज्ज्ञ आहेत, तसंच एम.जी.एम. वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं सरकारी एम.वाय. रुग्णालयही आहे. तिथं जायचं म्हणजे मुलाला वेडा ठरवायचं, हा समज आता तरी सोडावा. घरबसल्या पहिली विचारणा करायची तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे. शिकण्याच्या विशिष्ट अक्षमतेचं निदान साधारण आठ वर्षांनंतर पक्कं करता येतं, पण मदत त्याआधीही सुरू करता येते. एडीएचडीवर औषधं आहेत आणि अनेकांना गुण येतो. ती द्यायची की नाही हे बालमनोविकारतज्ज्ञानं ठरवायचं. दुकानातली मेमरी टॉनिकं हा त्यावरचा उपाय नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं मान्य केलेल्या २१ दिव्यांगतांमध्ये शिकण्याच्या विशिष्ट अक्षमता आहेत. महाराष्ट्रानं तर १९९६ मध्येच अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली होती. आज सरकारी प्रमाणपत्र असल्यास सीबीएसईच्या तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त मिळतो, लेखनिक मिळतो, तिसऱ्या भाषेतून सूट मागता येते. पायाला पट्टी असलेल्या मुलाला जिना चढायला जास्त वेळ दिला तर त्याला कोणी लाड म्हणत नाही.

आणि एक गोष्ट आज रात्रीपासूनच करता येईल. वेळ ठरवा, समजा तीस मिनिटं. मूल मनापासून बसलं आणि वेळ संपली की जिथं काम थांबलं तिथं पेन्सिलनं एक आडवी रेघ ओढा. बाजूला लिहा, ‘७.०० ते ७.३०, इथपर्यंत’, सही करा आणि वही मिटा. शिक्षकांना आधी भेटून हे सांगून ठेवा. ‘इनकम्प्लीट’ या शब्दातून त्यांना मुलाचा दोष कळतो, या रेघेतून त्याची जागा कळेल.

महिन्याभरानं पानं उलटून पाहा. रेघ रोज थोडी खाली सरकत असेल, तर मुलाला वेळ आणि सोबत हवी होती, ती मिळाली. रेघ महिनाभर जागची हलली नसेल, कायम वाचनाच्या प्रश्नावर किंवा हातच्यावर किंवा पाचव्या ओळीवरच येत असेल, तर तज्ज्ञाकडं जाताना ती वही बरोबर घ्या. तिथं मुलाला ‘का करत नाहीस’ असं कोणी विचारणार नाही. आधी वही मागतील.